टेकू

४ सप्टेंबर

बाबा,

पत्राच्या डोक्यावर 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. लिहिणार नाही. दोन वर्षं तुमच्याशी बोलले नाही, आणि आज लिहितेय ते माया दाटून आली म्हणून नव्हे. एक बातमी आहे, आणि ती आईच्या तोंडून कळायच्या आत माझ्या अक्षरात तुमच्या हातात पडावी एवढीच इच्छा.

मला पहिली खुर्ची मिळाली. इथल्या ऑर्केस्ट्रात, पहिला ट्रम्पेट. हा हंगाम चाचणीवर, मार्चमध्ये सगळ्या ऑर्केस्ट्राचं मतदान, मग कायम. निवडीच्या वेळी पडद्यामागे बसून वाजवायचं होतं. परीक्षकांना ना चेहरा दिसला, ना आडनाव कळलं, ना मी कोणाची मुलगी ते कळलं. ते कळलं नाही हेच माझं नशीब.

तुमचं ते वाक्य आठवतं ना? तुमच्या ऑर्केस्ट्राच्या साहेबांनी विचारलं होतं, "मुलगी शिकून बाहेर पडली म्हणे, कशी वाजवते?" आणि तुम्ही, माझा सख्खा बाप, म्हणालात, "ती टेकू चांगली होईल." मी तुमचा घरी राहिलेला चष्मा द्यायला आले होते आणि दाराबाहेर उभी होते. चष्मा तिथेच पहारेकऱ्याकडे टाकला आणि घरी येऊन बॅग भरली. आई आजही म्हणते, ते कौतुकाने म्हणाले होते गं. वा, काय कौतुक! उद्या कोणी मला पायपुसणं म्हटलं तर तेही आई कौतुकातच जमा करेल.

काल घरमालकिणीने विचारलं, "टेकू म्हणजे काय गं?" मी तिला सांगितलं की पहिल्याच्या ओठांना विसावा मिळावा म्हणून शेजारी एक माणूस बसवतात. सगळी हमाली त्याने करायची, मोठ्या आवाजाचे तुकडे भोंग्यासारखे त्याने फुंकायचे, आणि गोड तुकडा आला की ट्रम्पेट मांडीवर ठेवून गप्प बसायचं. तो तुकडा पहिला वाजवणार, उभा पहिला राहणार, टाळ्याही पहिल्यालाच. आणि पहिल्याला वाटलं की आज ओठ दगा देणार, तर त्याने गुडघ्यावर एक बोट टेकवायचं. मग तो स्वर टेकूने घ्यायचा आणि पहिल्याने ट्रम्पेट नुसतं तोंडाला लावून बसायचं. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही.

"अगंबाई," मालकीण म्हणाली, "म्हणजे फसवणूकच की!" बाईला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण मुद्दा बरोबर पकडला. मग मी तिला सांगितलं की माझ्या वडिलांनी उभी हयात हेच केलं. ती जे "अरेरे" म्हणाली ना, ते तुम्ही ऐकायला हवं होतं. एखाद्याला मोठा आजार झाल्याचं सांगावं, तसं म्हणाली.

तर अशी बातमी. तुमच्या घराण्यात, म्हणजे त्या एका खुर्चीच्या घराण्यात, पहिल्यांदाच कोणीतरी एक खुर्ची डावीकडे सरकलं आहे. 'कळावे' असं लिहायची गरज नाही, कळलंच असेल.


१९ नोव्हेंबर

बाबा,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. उत्तर द्यायला कोणीतरी आधी खुणावावं लागतं तुम्हाला.

इथली मंडळी कशी आहेत ते सांगते, म्हणजे मी कोणात येऊन पडले आहे ते कळेल. आमचा कंडक्टर. (इमारतीतल्या लोकांना अजून वाटतं की मी बसवर काम करते.) त्याला आम्ही दांडीवाला म्हणतो. तालमीला येतो, डोळे मिटतो, हात हवेत तरंगत ठेवतो, आणि मग आम्ही आपापसात ठरवून सुरू होतो. तो समजतो त्याने सुरू केलं. परवा मला म्हणाला, "तुझ्या स्वरात पहाट हवी." मी म्हटलं, "किती वाजताची?" त्याला राग आला. सगळ्या व्हायोलिनवाल्या खाली माना घालून हसल्या, आणि त्याने वर पाहिल्याबरोबर गंभीर झाल्या. भित्र्या कुठल्या!

माझ्या डाव्या हाताला दुसरा ट्रम्पेट बसतो. त्याला सगळे कुलूप म्हणतात. का, तर माझ्या आधी ह्या खुर्चीवर जो बसायचा त्याचं नाव वाघ. वाघाने आयुष्यात कधी गुडघ्यावर बोट टेकवलं नाही. एकदा भर कार्यक्रमात त्याचा स्वर चिरफाळला, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत कळलं, तरी टेकवलं नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या दुसऱ्याने आधी घाण केली म्हणून माझं बिघडलं." दुसरा काही बोलला नाही. आजतागायत बोललेला नाही. म्हणून कुलूप. तीन टेकू आले आणि वाघाला कंटाळून निघून गेले, म्हणे. इथे वाघाचं नाव निघालं की सगळे तोंड वाकडं करतात. मला मात्र तो माणूस आवडला असता.

उजव्या हाताला माझी टेकू. जाडजूड, हसतमुख बाई, सगळ्यांची मावशी. विराम मोठा असला की स्टँडच्या आड शब्दकोडं सोडवते. मला विचारते, "चार अक्षरी, 'हेका'?" मी म्हणते, "दुराग्रह." म्हणते, "ते पाच होतं की गं राणी." मग स्वतःच मोजते, चारच भरतात, आणि मला पेपरमिंट देते. हिला कसलीच हाव नाही. आमच्या घरीही एक असाच माणूस होता, त्यामुळे मला ह्या जातीची चांगली ओळख आहे.

पहिल्याच दिवशी मावशी म्हणाली, "हे बघ, लाजायचं नाही. जड वाटलं की गुडघ्यावर बोट. मी घेईन. आणि तू बोट टेकवल्याशिवाय मी मेले तरी घेणार नाही. घेतलं तर मला कुत्रंही कामावर बोलावणार नाही." मी म्हटलं, "मावशी, तुम्ही शब्दकोडी सोडवा निवांत." ती हसली. अशांना राग येत नाही हीच तर गंमत आहे.

रियाज घरीच करते. शेजारी कुरकुरतात म्हणून कपाटात तोंड घालून वाजवते. हिवाळी कोट आवाज गिळतात. सकाळी चार तास, रात्री दोन. तुम्ही म्हणायचात, ओठ हा स्नायू आहे, त्याला झोपू द्यावं. झोपवत झोपवत तुम्ही स्वतःचं काय केलंत ते पाहिलं आहे मी. खालचा ओठ हल्ली जरा जाड वाटतो, पण ते थंडीमुळे असेल. मालकीण म्हणाली, "डास चावला का?" ह्या थंडीत डास! बाईची अक्कलही कोटांबरोबर कपाटातच असते.


७ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र मिळताक्षणी आमच्या ऑर्केस्ट्राच्या ऑफिसला फोन करा आणि 'नाही जमत' म्हणून सांगा. सर्दी झाली म्हणा, दात दुखतो म्हणा, काहीही म्हणा.

मावशी जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. प्लास्टर दाखवत हिंडतेय, जसं काही बक्षीस मिळालंय. आणि पंधरवड्याने जो कार्यक्रम आहे तोच नेमका मतदानाआधीचा शेवटचा. त्यात तो लांबलचक एकट्या ट्रम्पेटचा तुकडा आहे. तुम्हाला कुठला ते कळेल. शेवटी थोडा विराम, आणि मग एकच स्वर, वरचा, हळू, धरून ठेवायचा. मागे कोणी नाही. तो लागला की मी कायम. नाही लागला तर बॅग भरायची सवय मला आहेच.

तर आमच्या मॅनेजरने बदली टेकू शोधायला यादी उघडली. हा कामात आहे, तो गावाला गेलाय, आणि निवृत्तांच्या यादीत बोट फिरवता फिरवता थांबला. मला बोलावून म्हणतो, "अहो, हे तर तुमचे वडील ना? घरच्या घरीच झालं की! बापलेकीचं चांगलं जमेल." किती खूश झाला होता स्वतःवर. मी म्हटलं, दुसरं कोणीही बोलवा. म्हणाला, "दुसरं कोणी नाहीच. आणि त्यांनी लगेच होकार दिला." लगेच! फोन खाली ठेवायच्या आत दिला असणार. निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी फोनशेजारी बसूनच आहात वाटतं.

नाहीच म्हणालात तर बरं. पण तुम्ही नाही म्हणणार नाही, कारण तो शब्द तुम्हाला येत नाही. तेव्हा ऐका. माझ्याकडे उतरायचं नाही. स्टेशनजवळ खोल्या मिळतात. चारचौघांत मला हाक मारायची नाही. लहानपणीच्या नावाने तर मुळीच नाही. आईने पाठवलेलं काहीही आणायचं नाही. ओठांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, तो शेवटचा स्वर माझा आहे. मी बोट टेकवणार नाही. त्यामुळे त्या वेळेस तुम्ही छताकडे पाहिलंत तरी चालेल.


२५ फेब्रुवारी

बाबा,

तुमची गाडी अजून पोहोचली नसेल, पण मला गप्प बसवत नाही.

काय नाटक होतं हो ते? तालमीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसलात. तोच काळा कोट, कोपरावर चकाकणारा. खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा वीतभर मागे ओढून घेतलीत. ट्रम्पेटात श्वासाने साठलेलं पाणी सगळे बिनदिक्कत जमिनीवर सांडतात. तुम्ही मांडीवर रुमाल पसरून त्यात टिपलंत. आणि मी आल्यावर उभे राहिलात. "नमस्कार, मॅडम." मॅडम! कुलूपसुद्धा खोकला. मी म्हटलं होतं हाक मारू नका. मॅडम म्हणा असं नव्हतं म्हटलं. पण खरं सांगू, त्या क्षणी मला बरं वाटलं. म्हटलं, बाप शेवटी जागेवर आला.

आता कालचं. मी सगळं बरोबर वाजवत होते. अख्खा तुकडा माझा होता, कोणीही सांगेल. दांडीवाल्याने चक्क डोळे उघडले होते. मग तो विराम आला. मी ट्रम्पेट मांडीवर घेतलं, श्वास घेतला, ट्रम्पेट वर उचललं. आणि माझ्या आधी तुम्ही सुरू केलंत!

न सांगता, न विचारता. मी ट्रम्पेट तोंडाला लावून बसले आहे, सगळं सभागृह माझ्याकडे पाहतं आहे, आणि स्वर येतोय माझ्या उजव्या कानामागून. आणि काय स्वर! कुठेही थरथर नाही, कुठेही घाई नाही, संपला कधी तेही कळलं नाही. हे असं वाजवता येत होतं तर आयुष्यभर त्या खुर्चीवर काय माशा मारत बसलात? मला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला. मग टाळ्या. दांडीवाल्याने मला उभं केलं, एकदा, मग पुन्हा एकदा. मी उभी राहिले. काय करणार होते? खाली बघितलं तर तुम्ही रुमालाची घडी घालत होतात.

बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर म्हणालात, "छान झालं, मॅडम." तोंड वर करून म्हणालात!

मी बोट टेकवलं नव्हतं. माझा हात गुडघ्यावर होता तो घाम पुसायला. तिथे दिव्यांचा किती उकाडा होतो ते तुम्हाला माहीत आहे. हात गुडघ्यावर असणं वेगळं आणि बोट टेकवणं वेगळं. इतक्या वर्षांत एवढा फरक कळत नसेल तर कठीण आहे.

कुलूप माझ्याकडे पाहत होता. कुलूप असलं तरी कुलपाला किल्ली असतेच, उद्या कोणीतरी फिरवणार. तेव्हा आज सकाळी मीच मॅनेजरकडे गेले आणि रीतसर तक्रार दिली, की बदली टेकूने खूण नसताना माझा स्वर घेतला. तो गडबडला. "अहो, पण ते वडील ना तुमचे?" मी म्हटलं, "म्हणूनच तर हिंमत झाली त्यांची." म्हणाला, "बरं, कंडक्टरच्या कानावर जायला नको, मी बघतो." तुम्हाला फोन येईल. काय उत्तर द्यायचं ते द्या. भांडा हवं तर. एकदा तरी भांडा.


८ मार्च

बाबा,

मतदान झालं. मी कायम झाले.

दांडीवाल्याने माझा हात हातात घेऊन सांगितलं की त्याचं मत त्या शेवटच्या स्वराला. "तीच ती पहाट," म्हणाला. मी आभार मानले. पितळी वाद्यांच्या विभागातल्या सगळ्यांची मतं मिळाली, कुलपाचंसुद्धा. मालकिणीने मिठी मारली आणि विचारलं, "वडिलांना कळवलंस?"

मग मॅनेजरने सांगितलं की तुम्हाला फोन केला होता. "तुमचे वडील फार सज्जन माणूस हो. एका वाक्यात मिटवलं. म्हणाले, हो, खूण नव्हती. माझाच उतावळेपणा झाला. मॅडमची काही चूक नाही." आणि मॅनेजर समाधानाने म्हणाला, नाव यादीतून काढलं आहे, बाकीच्या ऑर्केस्ट्रांनाही कळवलं आहे, काळजी नसावी.

इतकं कसं वाकता येतं हो तुम्हाला? शरीरात कणा म्हणून काही दिला आहे की नाही देवाने? मी भांडा म्हटलं होतं. तुम्ही म्हणायचं होतं, "ती खोटं बोलतेय." चार शब्दही नाहीत. तेही तुम्हाला जड झाले. मी तुमच्यावर उघड उघड आळ घेते आणि तुम्ही वर त्याला सही-शिक्का मारता. ह्याला चांगुलपणा म्हणत असाल तर म्हणा. मला तर हा शुद्ध भित्रेपणा वाटतो. तुमची सगळी हयात अशीच गेली. दुसऱ्याने बोट टेकवायचं आणि तुम्ही...

आईचा फोन आला होता काल. ती ओरडली नाही, म्हणून जास्त राग आला. म्हणाली, तुम्ही ट्रम्पेट पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलंत. आता फोन वाजला तरी उठत नाही म्हणाली. तीच उचलते. मग म्हणाली, "तुला खरंच वाटतं ग, ह्यांनी न विचारता घेतलं असेल? बाथरूमचा दिवा लावायच्या आधी विचारणारा माणूस हा." आणि ठेवून दिला.

बरं. ऐका. मी बोट टेकवलं होतं.

नोव्हेंबरपासून ओठ फाटलेला होता. आतल्या बाजूने, दाताच्या रेषेवर. कोणाला दाखवला नाही. मलम लावून, पावडर लावून, कपाटात डोकं घालून तस्साच रियाज करत राहिले. त्या विरामात जीभ फिरवली तर रक्ताची चव आली, आणि मला कळलं की हा स्वर येणार नाही. चिरफाळणार, वाघासारखा. वाघ होणं किती सोपं असेल असं मला वाटायचं. ऐन वेळी मला वाघ होता आलं नाही. मी बोट टेकवलं. एकदा नव्हे, दोनदा टेकवलं, तुम्ही पाहिलं नसेल ह्या भीतीने. तुम्ही पहिल्यांदाच पाहिलं होतंत. तुमचा श्वास मला ऐकू आला.

काल मॅनेजरकडे गेले. म्हटलं, तक्रार खोटी होती, मागे घेते. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने मी नाकाने कांदे सोलणाऱ्यांकडे पाहते. "अहो, वडिलांनी स्वतः कबूल केलं आहे. आता तुम्हाला पाझर फुटला म्हणून मी काय खरं मानू? मिटलंय ते मिटू द्या. खुर्ची मिळाली ना?" त्याचं म्हणणं असं की बाप खोटं बोलेल कशाला. चूक नसताना कोण अंगावर घेतो? जगात असं कोणी नसतं, म्हणाला.

तुम्ही मला तोंडघशी पाडलं असतंत तर बरं झालं असतं. मी तुम्हाला आयुष्यभर नावं ठेवली असती, सुखाने.


२१ मार्च

बाबा,

मी सांगून टाकलं. मॅनेजर ऐकत नाही तर म्हटलं ज्यांना कळायला हवं त्यांना सांगावं. तालमीच्या मधल्या सुट्टीत, कॉफीच्या मशीनजवळ. कुलूप होता, तिसरा ट्रम्पेट होता, आणि प्लास्टर काढून परत आलेली मावशी होती. मी म्हटलं, "त्या दिवशीचा शेवटचा स्वर माझा नव्हता. मी बोट टेकवलं होतं."

मला वाटलं, आता तोंडं पाहण्यासारखी होतील. काही नाही. तिसऱ्याने कॉफी ढवळली. आणि कुलूप बोलला. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. अगदी साधा आवाज आहे, पोस्टातल्या कारकुनासारखा.

"माहीत आहे," तो म्हणाला. "आम्ही शेजारीच बसतो. दोनदा टेकवलंस. म्हणून तर मत दिलं तुला."

मी म्हटलं, "म्हणून?"

"वाघाबरोबर किती वर्षं काढली आम्ही. जो बोट टेकवत नाही तो पडताना सगळ्यांना घेऊन पडतो. तू गुर्मीत होतीस, पण वेळेला टेकवलंस. म्हटलं, हिच्याशेजारी बसता येईल." आणि मग म्हणाला, "तुझ्या वडिलांना सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. फार आनंदात होते. म्हणाले, वेळेवर मागता येणं सगळ्यात कठीण. ते माझ्या पोरीला येतं."

तुम्ही मला 'माझी पोर' म्हणालात. मॅडम फक्त माझ्यासमोर.

इथे थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. त्यांना तक्रारीचं काहीच माहीत नव्हतं. मॅनेजरने गुपचूप उरकलं होतं. मावशी तर म्हणालीसुद्धा, "मग आता तुझ्या बाबांनाच बोलाव ना गं पुढच्या वेळी, माझं मनगट अजून दुखतं." आणि तिघंही हसत माझ्याकडे पाहत होती. मला हे हसणं पहिल्यांदाच मिळत होतं. आणि तरी मी सांगितलं. म्हटलं, त्यांना बोलावता येणार नाही, त्यांचं नाव सगळीकडून काढलं आहे, खूण नसताना स्वर घेतला म्हणून. मीच तक्रार केली होती.

मावशीने पेपरमिंटची पुडी पुढे केली होती, ती हळूच पर्समध्ये परत ठेवली. म्हणाली, "तो म्हातारा माझ्या जागेवर बसला होता. मी असते, तर माझं नाव गेलं असतं." एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते बघायला कोणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला सांगून चौथ्या ट्रम्पेटची जागा मागून घेतली. पलीकडच्या टोकाला बसते आता. कुलूप पुन्हा बंद झाला. तालमीत त्याने आपली खुर्ची उचलून थोडी डावीकडे ठेवली. आवाज न करता ठेवली, बाबा. मी इतके दिवस ज्या नजरेने सगळ्यांकडे पाहत होते ती नजर आता मला रोज समोरून येते, आणि गंमत म्हणजे ती बरोबर आहे. माझ्या नजरेत तेवढं खरं कधीच नव्हतं.

मी तुमच्या ऑर्केस्ट्रालाही लिहिलं, बाकीच्यांनाही लिहिलं. दोन ठिकाणांहून उत्तर आलं की संबंधित व्यक्तीने चूक मान्य केल्याने विषय बंद आहे. तुम्ही स्वतः फोन करून 'मी खोटं बोललो' म्हणालात तर कदाचित उघडेल. पण तुम्ही ते म्हणणार नाही, कारण मग माझी खुर्ची जाईल. जाऊ द्या ना! म्हणा एकदा. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी म्हणा. मी विनवणी करतेय. आईला सांगा, ट्रम्पेट माळ्यावरून खाली काढायला. तिथे त्याच्या कळा घट्ट होतील.

मॅनेजर रोज यादी घेऊन बसतो. टेकू हवा आहे म्हटलं की पलीकडून विचारतात, "कोणाचा?" तो माझं नाव सांगतो, आणि मग त्या माणसाला त्या तारखेला काहीतरी काम असतं. परवा त्याने मला खोटं सांगितलं की सगळीकडे सर्दीची साथ आहे.

शनिवारी तो तुकडा पुन्हा आहे; लोकांनी मागणी केली म्हणून. ओठ अजून भरलेला नाही. गुडघ्यावर बोट टेकवलं तरी ते पाहायला शेजारी कोणी नाही.